बावट्यावरची वरमाई

शहाडहून मुरबाड रोडला लागलं आणि डंपरमधून सांडलेली बारीक खडी दिसायला लागली, की ती धरून आत वळायचं. आत आमची दगडखाण. कुणी पत्ता विचारला तर आम्ही दुसरीही खूण सांगतो. जिथे एक बाई तुमची गाडी थांबवेल आणि "शाळेत गेलेलास ना? मग लाल रंग वाचता येत नाही?" असं विचारेल, तिथून खाण अर्धा किलोमीटर.

ती बाई म्हणजे विमलाबाई. खाणीवर सगळे त्यांना काकी म्हणतात. मॅनेजरसाहेबही म्हणतात, आणि ते वयाने काकींपेक्षा मोठे आहेत.

काकींचं काम सांगायला सोपं आहे. सुरुंग उडायच्या आधी लाल बावटा घेऊन रस्त्यात उभं राहायचं आणि कुणालाही आत सोडायचं नाही. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, वाडीच्या बाजूला, सहदेव असाच उभा असतो. दोघांनी वॉकीटॉकीवर "रस्ता मोकळा" म्हटलं, की आमचा ब्लास्टर हरिहर बटण दाबतो. मग तो आत जाऊन सगळी भोकं उडालीत का बघून येतो. त्यानंतर लांब भोंगा होतो आणि बावटा खाली येतो. हरिहर स्वभावाने इतका भित्रा आहे की त्याच्या परवान्यावरचा फोटोसुद्धा दचकलेला आहे. पण सुरुंगाच्या धंद्यात भित्रा माणूस म्हणजे सोनं. धीट ब्लास्टर फार दिवस टिकत नाहीत, आणि त्यांच्या आजूबाजूचेही टिकत नाहीत.

खडकात भोकं पाडून त्यात दारू भरतात आणि तोंडाशी दगडाची बारीक कच ठासून भोक बुजवतात. ठासणी कमी पडली, किंवा समोरच्या खडकात मातीची चीर निघाली, की दगड जागच्या जागी फुटायचं सोडून उडतो. तो कुठवर जाईल हे हरिहरला साधारण ठाऊक असतं. दगडाला काहीच ठाऊक नसतं.

असाच एक मुठीएवढा दगड फार पूर्वी काकींच्या कोपराला चाटून गेला. तेव्हा बावट्याची जागा खाणीच्या बरीच जवळ होती. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून त्या कामावर आल्या, बावटा उचलला आणि मागे मागे चालत थेट रस्त्यावरच्या वडापाशी जाऊन उभ्या राहिल्या. इथून पुढे मी इथेच, म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी टेप मागवला, तर नियमातलं अंतर वडाच्याही मागे निघालं. काकी जराही ओशाळल्या नाहीत. अजून मागे जाऊ, माझं काय जातंय, म्हणाल्या आणि गेल्या.

पोलादपूरकडून लग्न होऊन त्या इकडे आल्या. नवरा डंपरवर होता, आता घरी टीव्हीच्या रिमोटवर आहे. काकी आधी खडी भरायच्या. मग एकदा बावट्यावरचा माणूस विडी प्यायला गेला असताना त्यांनी बावटा हातात घेतला आणि तो परत दिलाच नाही. त्यांनी खाणीच्या मालकाची गाडी अडवली आहे. एका पुढाऱ्याचा ताफा अडवला आहे, आणि पुढाऱ्याला गाडीतून उतरवून बिस्लेरीची बाटली स्वतःसाठी मागून घेतली आहे. कुणाला थांबवलं आणि तो आत घुसला, असं एकदाही झालेलं नाही. हे त्या स्वतःच सांगतात, न विचारता.

त्यांच्यापुढे टिकलेला एकच माणूस. धाकू. खाणीपलीकडच्या वाडीत त्याचं घर, स्वतःचा टेम्पो, आणि वाडीत जायला गाडीचा रस्ता एकच, आमचा. जवळजवळ दहा वर्षं धाकू वडापाशी थांबवला जायचा आणि हॉर्न दाबून धरायचा. काकी शिट्टी वाजवायच्या. मग तो खिडकीतून डोकं काढून म्हणायचा की विमलबाय, तू इथे उभी राहिलीस म्हणून दगड काय घाबरतो का. त्या म्हणायच्या, दगड नाही, पण तू घाबरतोस, म्हणून तर थांबलास.

त्या थांबलेल्या टेम्पोत कधी कधी धाकूची मुलगी ऐश्वर्या बसलेली असायची. आणि काकींचा डबा घेऊन त्यांचा मुलगा संदेश यायचा. संदेश खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. सुरुंगाला जितका वेळ लागेल तितका त्याला हवाच असायचा. म्हणजे हे लग्न काकींनीच जुळवलं. फक्त त्यांना ते सगळ्यांत शेवटी कळलं.

लग्नाच्या बैठकीला मी होतो, खाणीवरचे आम्ही बरेच जण होतो. काकींनी काही मागितलं नाही. अंगठी नको, कोट नको, भांडी नकोत. एकच म्हणाल्या. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडे नेतात, ती उष्टी हळद आम्ही वाजतगाजत आणणार. ती वाडीबाहेरच्या गावदेवीच्या देवळापाशी पुढे येऊन घ्यायची. पाट मांडून, ओवाळून, बापासकट.

धाकू म्हणाला, दाराशी घेतो की.

"दहा वर्षं माझ्या बावट्यासमोर तोंड वाकडं केलंस," काकी म्हणाल्या. "एक दिवस देवळापर्यंत चालत ये. पाय झिजणार नाहीत."

धाकू हसला आणि कबूल झाला. चहा आला. सगळं सुरळीत झालं, आणि सुरळीत झालं की आमच्याकडे माणसं पुढचं बघायचं थांबवतात.

हळदीच्या आदल्या दिवशी सुरुंग होता. पण दारूची गाडी उशिरा आली आणि काम एक दिवस पुढे गेलं, म्हणजे नेमकं हळदीच्या दिवशी. मॅनेजरसाहेब काकींना म्हणाले, तुम्ही सुट्टी घ्या, दुसरं कुणी उभं करतो. काकींना हे फार लागलं. दुसरं कुणी म्हणजे कोण, त्यांनी विचारलं, आणि नावं ऐकून प्रत्येकाचं एकेक व्यंग सांगितलं. शेवटी त्यांनीच हिशेब मांडला. संदेशला हळद सकाळी लागते. सुरुंग दुपारी होतो. हळदीची वरात दुपार कलल्यावर माझ्याच बावट्यावरून जाणार. तोवर रस्ता मोकळा झालेला असेल, मी बावटा ठेवीन आणि वरातीत चालायला लागेन. घरी जाऊन परत यायचा त्रासही वाचला.

त्या दिवशी वडामागच्या रस्त्यात जी मूर्ती उभी होती ती तालुक्यात कुणी पाहिली नसेल. हिरवी जरीची साडी, नाकात नथ, गालाला हळद, वरून नारिंगी जाकीट आणि हातात लाल बावटा. एक डंपरवाला थांबवायच्या आधीच थांबला आणि पाया पडला.

हिशेब चुकला तो हरिहरच्या बाजूने. समोरच्या खडकात त्याला एक चीर दिसली. तिथली दारू त्याने कमी केली, ठासणी वाढवली, पुन्हा बघितलं, पुन्हा वाढवली. भोकं भरून होईपर्यंत ऊन उतरायला लागलं. वाडीतून देवळावरून वडाकडे येणाऱ्या पायवाटेवर तो स्वतः फेरी मारून आला, तिथे कुणी नव्हतं. इशाऱ्याचा पहिला, आखूड भोंगा झाला. दोन्ही टोकं बंद झाली. आणि तेवढ्यात, काकींसोबत उभ्या असलेल्या आमच्या पाठीमागून खालूबाजा ऐकू आला. सनई, ढोल, आणि त्यामागे काकींचं सगळं गोत.

पुढे त्यांची पुतणी संचिता, करवली. तिच्या हातात हळदीचं ताट, रुमालाने झाकलेलं. ती सवयीने चालत पुढे आली आणि काकींनी तिच्यासमोर बावटा आडवा धरला.

"काकी, मी आहे," संचिता म्हणाली.

"दिसतंय मला. थांब."

मग बायकांचं सुरू झालं. दिवेलागणीच्या आत हळद पोचायला हवी. व्याही वाट बघत असतील. घरचं कार्य, घरचीच बाई, आणि आपल्याच हळदीला आडवी. एक मावशी म्हणाली की विमल लहानपणापासून अशीच. काकींनी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला बसवलं आणि वाजवणं बंद करायला सांगितलं. सुरुंग झाला की पाच मिनिटांत सोडते म्हणाल्या.

बाजा थांबला. एकदम शांत झालं. पश्चिमेला, टिटवाळ्याच्या अंगाला, काळं भरून आलेलं होतं आणि लांब कुठेतरी गुरगुरत होतं. त्या शांततेत खाणीच्या बाजूने घंटेचा आवाज आला. एक टोला. मग दोन-तीन एकदम, जशी बरीच माणसं देवळात शिरताना ओळीने वाजवतात.

काकींची मान वळली. गावदेवीचं देऊळ बावट्याच्या आत आहे. खाणीपासून फार तर दोन क्रिकेट मैदानांच्या अंतरावर.

त्यांनी आधी वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"हरिहर, बटणापासून लांब हो. मी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही."

मग धाकूला फोन लावला. उचलला ऐश्वर्याने. फोन मांडवात चार्जिंगला होता. मागे डीजे इतका जोरात की पहिला भोंगा तिथे कुणाला ऐकू आला नसणार हे आम्हाला फोनमधूनच कळलं. काकींनी विचारलं, बाबा कुठे आहेत. ती म्हणाली, माझी आई, बाबा, बाबांची आत्या, सगळे देवळात गेले, पायवाटेने, हळद घ्यायला.

"आज सुरुंग आहे, माहीत नाही त्यांना?"

"आहे ना. पण बाबा म्हणाले, वरमाईच बावट्यावर आहे म्हटल्यावर सुरुंग कसला उडवतायत. तिने बंद ठेवायला लावला असेल." मग तिनेच विचारलं. "आणि देवळापाशी यायचं तुम्हीच सांगितलेलं ना, आई?"

काकींनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघतोय. त्यावर राग असतो, मस्करी असते, विजय तर कायमच असतो. त्या वेळी यातलं काही नव्हतं.

आता झालं असं, की दारू भरलेली भोकं तशीच ठेवता येत नाहीत. त्यात आभाळ गुरगुरत होतं. वीज जवळ आली तर सुरुंग बटणाची वाट बघत नाही. हरिहर वॉकीटॉकीवर तेच सांगत होता, दर वेळी थोडं आणखी बारीक आवाजात. संदेशचा एक मित्र म्हणाला, मी बाईकवर जाऊन घेऊन येतो. काकींनी त्याच्या बाईकची चावीच काढून घेतली. आत आधीच माणसं आहेत, त्यात अजून एक कशाला, म्हणाल्या. सहदेवने वॉकीटॉकीवर विचारलं, भोंगा परत द्यायला सांगू का, लांब. काकी नको म्हणाल्या. लांब भोंगा म्हणजे सुरुंग झाला, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. ऐकून मंडळी आणखी निवांत बसली असती. आणि आखूड दिला, तर घाबरून कुणीकडे पळतील याचा नेम नव्हता.

काकी बावटा घेऊन तशाच उभ्या. मग त्या सनईवाल्याकडे वळल्या.

"वाजवायला घ्या. जोरात. आणि उलटे फिरा."

सनईवाल्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"परत चला. शहाडच्या बाजूला. वाजवत वाजवत लांब जा. सगळ्यांनी. संचिता, ताट घेऊन तूपण."

उष्टी हळद वाटेतून परत नेणं म्हणजे काय, हे बायकांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. लग्न मोडायलाच निघाल्यासारखं. मावशी रडवेली होऊन म्हणाली, अगं विमल, असं करू नकोस, व्याही काय समजतील.

"तेच समजू दे," काकी म्हणाल्या. "तेच समजलं तर धावत येतील."

खालूबाजा सुरू झाला. ढोल असा वाजला की वडावरचे बगळे उठले. आणि वरात पाठ फिरवून चालायला लागली. आवाज हळूहळू लांब जाऊ लागला. काकी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे पायवाट जिथे झाडीतून बाहेर येऊन आमच्या मागे रस्त्याला मिळते तिथे होते.

आधी आरडाओरडा ऐकू आला. मग धाकू दिसला. नवं धोतर वर खोचून, टोपी हातात घेऊन, धावत. मागे त्याची बायको हेमा, मागे भावकी. आयुष्यात हा माणूस खाणीपासून इतक्या वेगाने लांब गेलेला नव्हता.

"हळद परत नेता?" तो धापा टाकत आला. "पाट मांडून बसलोय तिथे, आणि तुम्ही वाटेतून हळद परत नेता? वाडीत तोंड कसं दाखवू मी? विमलबाय, सोयरीक नको होती तर बैठकीत बोलायचंस—"

"शिव्या नंतर दे," काकी म्हणाल्या. "आधी तुझी माणसं मोज."

"माणसं कसली मोजतेस..."

"धाकू. भोकं भरलेली आहेत."

तो थांबला. खाणीकडे बघितलं, मग काकींच्या हातातल्या बावट्याकडे. दहा वर्षांत पहिल्यांदा त्याला तो दिसला असावा. मग तो वळला आणि एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजायला लागला. मध्येच चुकला, पुन्हा सुरुवात केली.

"आत्या," तो म्हणाला. "आत्या कुठाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. धाकू परत पायवाटेकडे निघाला आणि काकींनी बावट्याची काठी त्याच्या छातीला लावली. तो ढकलेल असं वाटलं मला. त्याने ढकललं नाही. पश्चिमेला वीज चमकली, आणि आम्ही सगळे गडगडाट यायची वाट बघत राहिलो. आला, पण बऱ्याच उशिराने. वॉकीटॉकीवर हरिहर नुसता श्वास घेत होता.

आणि झाडीतून आत्या आली. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली. हातात ओवाळायच्या ताटातला दिवा, त्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि दिवा विझू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत. आमच्याकडे बघून तिने कपाळाला आठी घातली, म्हणजे ही काय माणसं, मान सोडून पळत सुटली. काकी तिला घाई कर असं एकदाही म्हणाल्या नाहीत. ती रस्त्याला लागली, आमच्यापर्यंत आली, हेमाने तिला धरलं. धाकूने पुन्हा मोजलं आणि मान हलवली.

"हरिहर," काकी म्हणाल्या. "रस्ता मोकळा. पायवाटसुद्धा."

सहदेवही बोलला. भोंगा झाला. जमीन पायाखाली सरकल्यासारखी झाली आणि मग आवाज आला. धुळीचा ढग खाणीवर उठला, नेहमीसारखा. पण त्या ढगातून एक काळा ठिपका वर गेला, वर जाऊन क्षणभर तिथेच थांबल्यासारखा वाटला, आणि खाली झाडीत आला. पडल्याचा आवाज कोरडा होता, फळी मोडल्यासारखा.

हरिहर आत जाऊन येईपर्यंत धाकू रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होता. त्याला एकदाही निघायची घाई झाली नाही. मग लांब भोंगा झाला. लांबून वरात परत येताना ऐकू आली. संचिताने ताटावरचा रुमाल घट्ट धरलेला होता, चेहऱ्यावर अजून भीती.

आम्ही सगळे पायवाटेने देवळाकडे गेलो. घंटेच्या खाली, रांगोळीच्या मधोमध पाट होता. आता दोन पाट होते. मधे नारळाएवढा काळा दगड बसलेला, रांगोळी त्याच्या भोवती सगळीकडे उडालेली. पाटामागे धाकू बसणार होता.

हेमाने तोंडाला पदर लावला. भावकीतली एक बाई पाट मोडल्याचं काहीबाही पुटपुटायला लागली. काकींनी तिच्याकडे नुसतं बघितलं, ती थांबली. मग काकी त्या दगडाजवळ वाकल्या. हात लावून बघितला. धाकू खाली वाकून तो उचलायला लागला, तर त्यांनी त्याला अडवलं. हरिहरला उद्या अंतर मोजायचंय, म्हणाल्या, आणि दगडाशेजारी बावट्याची काठी मातीत रोवली.

"व्याही," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी धाकूला पहिल्यांदाच वापरला. "हळद दाराशी घ्या. तुम्ही म्हणत होतात तसं."

धाकूने हातातली टोपी डोक्यावर घातली. खालूबाजा पुन्हा सुरू झाला तो जरा जपूनच, आणि आम्ही वाडीकडे निघालो. पुढे संचिता, तिच्या बाजूला काकी, जाकीट अजून अंगावरच. त्यांना कुणी काढायला सांगितलं नाही.

दारात आत्याने ओवाळलं. ऐश्वर्याला हळद लागली. बायकांची गाणी सुरू झाली आणि डीजेवाल्याला कुणीतरी दरडावून गप्प केलं. धाकू काकींसाठी स्वतः पाणी घेऊन आला आणि तांब्या हातात देऊन तिथेच रेंगाळला.

"देवळाच्या पायवाटेवर कोण उभं असतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. हरिहर एकदा फिरून येतो, बस."

"म्हणजे आज आम्ही त्याच्या मागून घुसलो."

"घुसलात."

धाकूने मान खाजवली. "सुरुंगाच्या दिवशी मी टेम्पो काढत नाही. तसंही तू सोडत नाहीस. मग एक बावटा मला दे. पायवाटेवर उभा राहतो."

काकींनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. मग त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, बैठकीत नवऱ्या मुलालासुद्धा कुणी इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"आधी उद्याचं लग्न पार पडू दे," त्या म्हणाल्या. "मग वडापाशी ये. दोन तास उन्हात नुसतं उभं राहता येतं का तुला, ते बघते."